मागून येणारा वारा

सुरुवातीची स्थिती

सिम्युलेशन सुरू करण्याआधी कॉम्प्युटर विचारतो, सुरुवातीला सगळं कसं आहे ते सांगा. मध्ये काय उभं आहे, हवा किती वेगाने येते. एवढं भरल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. म्हणून भरते.

मध्ये उभी आहे एक तीनचाकी. घरोघर पार्सलं पोचवणारी, विजेवर चालणारी, एका माणसाची. अजून खरी झालेली नाही. पडद्यावर बाजूने दिसणारा नुसता काळा आकार, चाकं नाहीत, दिवे नाहीत, बसायला माणूस नाही.

आकाराच्या एका बाजूला मी आहे आणि दुसऱ्या बाजूला माझी ताई. बाबांच्या मागे त्यांचं गाड्यांच्या बॉडी बांधायचं वर्कशॉप आम्ही दोघी चालवतो. खाली साचे, फायबर, पॉलिश केलेल्या पत्र्याचा वास. लाकडी जिना चढून वर आलं की माझी खोली आणि माझा म्हातारा कॉम्प्युटर. ताई माणसांशी बोलते, मी हवेशी. ही वाटणी कोणी करून दिली नाही. ती गिऱ्हाइकाला चहा विचारायला उठायची तेव्हा मी टेबलाखाली वायर शोधत असायचे, एवढंच.

आता मला काय हवंय ते. कॉम्प्युटर हे विचारत नाही, पण सांगते. मला विंड टनेलमध्ये जायचंय. ज्या कंपनीला ही तीनचाकी बनवायची आहे तिच्या आवारात खरा विंड टनेल आहे. लांबलचक खोली, एका टोकाला घराएवढा पंखा, मधोमध गाडीचं मॉडेल आणि त्याच्या अंगावरून सरकणाऱ्या धुराच्या रेघा. मॉडेल पसंत पडलं तर त्याच्याबरोबर बाहेरच्या एकाच माणसाला आत घेतात. कॉलेज सुटल्यापासून मी हवा फक्त पडद्यावर पाहत आलेय. ती खरोखर माझ्या गाडीवरून जाताना मला एकदा उभं राहून पाहायची होती. बाकी कशाचं मला फारसं पडलेलं नव्हतं.

हे मी फक्त ताईला सांगितलं होतं.

जाळी

साधं सिम्युलेशन असतं तरी काय? गाडीभोवतीची मोकळी जागा बारीक चौकोनांत कापायची. प्रत्येक चौकोन शेजारच्याला सांगतो, माझ्याकडे इतकी हवा आली, आता तू घे. बातमी या घरातून त्या घरात जावी तसं. कोणी थोडी दाबून ठेवतं, कोणी पदरचं घालून पुढे ढकलतं. सगळ्या चौकोनांचं बोलून झालं की चित्र तयार होतं. जोरात पळणारी हवा लाल, रेंगाळलेली हवा निळी. खाली एक आकडा येतो. आकडा जितका लहान तितकी हवा गाडीला कमी अडवते आणि बॅटरी जास्त पल्ला देते.

माझ्या कॉम्प्युटरला धाप लागते, म्हणून मी त्याच्याकडून क्षणाक्षणाची चित्रं मागत नाही. शेवटी एकच सरासरी चित्र घेते. न हलणारं.

पहिल्या चित्रात गाडीच्या नाकासमोर मोठा निळा डाग होता.

"ही तर तोंड फुगवून बसलीय," ताई म्हणाली.

"हवा साचतेय नाकापुढे. नाक बोथट आहे ना."

"मग टोक काढ की त्याला."

मी टोक काढलं आणि आकडा उतरला. अजून काढलं, अजून उतरला. मागची बाजू गोल केली, तरी उतरला. मला आयुष्यात इतकं ऐकणारं कोणी भेटलं नव्हतं.

संध्याकाळ

त्या दिवशी कंपनीचा इंजिनियर आला होता. आम्ही दोघी त्याला आपसात बरंबरं म्हणायचो, कारण कोणी काहीही सांगितलं तरी तो बरं बरं म्हणायचा. घर जळतंय म्हटलं असतं तरी म्हणाला असता. तो माझ्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसला होता. ताई चहा घेऊन वर आली आणि कप ठेवता ठेवता तिने पडद्यावर बोट टेकवलं.

"यात वारा कुठून येतो गं?"

"समोरून, अजून कुठून! गाडीला वारा समोरूनच लागतो, ताई. तू जा, खाली कोणी आलंय का बघ."

मी हसले. बरंबरंही हसला. ताई हसली नाही. तिचं बोट थोडा वेळ तिथेच होतं, गोल बाजूवर. मग ती म्हणाली, "छान आहे," आणि जिना उतरून गेली.

त्यानंतर ती रोज वर यायला लागली. पूर्वी माझ्या खोलीत यायची ती आई जेवायला बोलावतेय हे सांगायला. आता खुर्ची ओढून शेजारी बसायची. "नाक अजून लांब होईल का?" विचारायची. "ही गोल बाजू थोडी भरदार कर ना." मी करायचे. आकडा उतरायचा आणि ती माझ्या डोक्यावर टपली मारायची. "ठमे, तू म्हणजे ना!"

मला वाटलं, शेवटी हिला हवेची गोडी लागली. मी तिला सगळं शिकवलं. निळं काय, लाल काय, हवा पृष्ठभागाला धरून कधी राहते आणि हात सोडून कधी निघून जाते. ती नीट ऐकायची. मला इतकं बरं वाटत होतं की…

फोन

"धाकट्या बाई, दिव्यांची भोकं पाडायचीत. जरा जागा सांगता?"

आमचा साचेवाला. कंपनीसाठीचं छोटं मॉडेल तोच करत होता.

"नाकाच्या टोकापासून वीतभर मागे घ्या."

"टोक? दिवे गोल बाजूला आहेत ना?"

"गोल बाजू मागची. निमुळतं ते नाक."

"नाही हो. गोल बाजू पुढे, निमुळती मागे. चाकं पण तशीच बसवलीत. थोरल्या बाईंनी साचा धरायच्या आधीच सांगितलं होतं."

"ताईने?"

"हो. तुम्ही दोघी एकाच घरात राहता ना?"

मी फोन ठेवून कॉम्प्युटरसमोर बसले.

आमच्या वर्कशॉपमध्ये गाडीचं चित्र नेहमी उजवीकडे तोंड करून काढतात. बाबांची शिस्त. गाडी पुढे जाताना दिसली पाहिजे, लिहिलेली ओळ जाते तशी, असं ते म्हणायचे. भिंतीवरच्या सगळ्या जुन्या आराखड्यांतल्या गाड्या उजवीकडे निघाल्यात. तीनचाकीची बाह्यरेषा मी अशाच आराखड्यावरून घेतली होती.

आणि प्रोग्राममधली हवा डावीकडून उजवीकडे जाते. कायमच. ते बदलताही येत नाही, म्हणून मी त्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

म्हणजे इतके आठवडे वारा माझ्या गाडीला मागून ढकलत होता.

नाकासमोरचा निळा डाग म्हणजे साचलेली हवा नव्हती. गाडी ओलांडून गेल्यावर मागे रेंगाळणारी हवा होती ती. मी ज्याला नाक समजून टोक काढत बसले ती शेपटी होती. ज्याला पाठ समजून गोल करत होते तोच चेहरा. हवेला बोथट गोल तोंड आणि लांब निमुळती शेपटी आवडते, हे पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल. उलटं करून माझ्यासमोर ठेवलं तर मला ओळखता आलं नाही.

ताईला आलं.

तीच संध्याकाळ, पुन्हा

सिम्युलेशनचा एक फायदा आहे. एखादी गोष्ट बदलून सगळं पहिल्यापासून चालवता येतं.

धरून चालू की ताईला काहीच माहीत नाही. ती चहा घेऊन वर येते. सहज विचारते, वारा कुठून येतो गं? मी हसते. ती म्हणते, छान आहे. जिना उतरते.

पण मग दिव्यांचं काय?

आता धरून चालू की तिला त्या क्षणी दिसलं. हवा गोल बाजूवर येऊन दुभंगतेय हे तिने पाहिलं, कारण ती चित्राकडे बघत होती आणि मी आकड्याकडे. ती मला सांगणार होती. तेवढ्यात मी परक्या माणसासमोर तिला खाली पाठवलं. ती म्हणते, छान आहे. जिना उतरते.

किंवा तिला आधीपासूनच माहीत होतं. प्रश्न विचारला तो मला माहीत आहे का, एवढंच बघायला. ती म्हणते, छान आहे. जिना उतरते.

सुरुवातीला काहीही भरलं तरी ताई जिना उतरून जाते. आणि दुसऱ्या दिवशी परत चढून येते, माझ्या शेजारी बसते आणि म्हणते, नाक अजून लांब कर.

तिला नाक नको होतं. तिला शेपटी हवी होती, आणि ती माझ्याकडून रोज थोडी थोडी काढून घेत होती.

समोरासमोर

ती खाली मॉडेलला फडकी गुंडाळत होती.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"काय?"

"ताई."

तिने फडकं खाली ठेवलं. "ओरडू नकोस. माणसं आहेत."

"मी ओरडत नाहीये."

"तू ओरडत नसलीस की जास्त भीती वाटते."

एरवी मी हसले असते.

"मी विचारलं होतं तुला," ती म्हणाली. "तू त्या बरंबरंसमोर दात काढलेस. जा म्हणालीस, खाली बघ म्हणालीस. मोलकरणीला सांगावं तसं."

"म्हणून?"

"म्हणून काय म्हणून! आयुष्यात एकदा मला काहीतरी दिसलं जे तुला दिसलं नव्हतं."

"दिसलं तर सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर ते तुझं झालं असतं. आणि मी परत चहावाली."

"चित्र माझंच आहे. एक रेघ बदलली नाहीस तू. फक्त ड्रायव्हरला उलटं बसवलंस."

"तेवढंच सुचायचं होतं. ते तुला सुचलं नाही."

हे खरं होतं आणि ते तिलाही कळत होतं, म्हणून ती जरा थांबली. मी त्या थांबण्यात शिरायला हवं होतं. पण माझ्या तोंडून भलताच प्रश्न निघाला, लहान मुलीचा असावा तसा.

"टनेलमध्ये कोण जाणार?"

ताई पुन्हा फडकं गुंडाळायला लागली. गाठ मारताना तिने दातांचीही मदत घेतली. "मी जातेय. बरंबरंने माझं नाव दिलंय."

"तुला माहितेय मला किती…"

"माहितेय."

"मग?"

"आत जाऊन तू काय सांगणार होतीस त्यांना? वारा समोरून येतो?"

खाली काम करणाऱ्यांपैकी कोणीतरी घासणं थांबवलं. मग उगाचच जोरात घासायला लागलं.

आई

"तुम्ही दोघी बोलत का नाही?"

"बोलतोय की."

"मीठ दे आणि मीठ घे याला बोलणं म्हणत नाहीत. काय झालंय?"

काय सांगणार? गाडीची उलट बाजू, शेपटी, निळा डाग. मी सांगून पाहिलं. आईने सगळं ऐकून घेतलं.

"पण गाडी चांगली झाली ना?"

"हो."

"मग झालं तर. ती थोरली आहे गं. तू सोडून दे."

"मी धाकटी आहे म्हणून मी सोडायचं, आणि ती थोरली आहे म्हणून तिने घ्यायचं?"

"तुझ्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही," आई म्हणाली आणि दिवा घालवून गेली. मी अजून जेवत होते.

न मागितलेलं चित्र

दुसरं काही करता येईना म्हणून मी गाडी पुन्हा चालवली. या वेळी कोणती बाजू पुढची आहे हे जाणून. आकडा तोच आला. यायचाच होता. हवेला आपण कशाला काय म्हणतो याच्याशी देणंघेणं नसतं.

पण डोक्यात एक किडा वळवळत होता. सरासरी चित्रावर माझा विश्वासच उरला नव्हता. मी कॉम्प्युटरला सांगितलं, या वेळी सरासरी काढू नकोस, क्षणाक्षणाचं दाखव. तो रात्रभर कण्हत राहिला. मग मी ती चित्रं एकामागून एक पाहिली.

शेपटी शांत नव्हती. तिचं टोक मी इतकं गुळगुळीत, गोलसर करून ठेवलं होतं की तिथून निघायचं कुठून हे हवेला ठरवताच येत नव्हतं. एकदा वरून सुटायची, एकदा खालून. वर, खाली, वर, खाली. त्याने गाडी मागून झोके खाणार होती. सरासरीत वरचं आणि खालचं एकमेकांना खाऊन टाकत होतं आणि चित्र गोड दिसत होतं.

मी शेपटी तोडली. टोकाचा भाग सरळ कापून टाकला, कापल्या जागी कड धारदार ठेवली. आता हवेला पर्याय नव्हता. कड आली की हात सोडायचा, दर वेळी त्याच जागी. आकडा किंचित चढला, पण हलायचा थांबला.

हे ताईला सांगायचं म्हणून मी उठले. खरंच उठले. रागावलेली होते, पण मॉडेल हललं असतं तर सगळ्यांसमोर फजिती झाली असती, आणि ते मॉडेल शेवटी… मी जिन्यापर्यंत गेले. खाली साचेवाला एकटाच होता.

"बाई सकाळीच गेल्या कंपनीत. टेम्पोने. तुम्हाला सांगून नाही गेल्या?"

दुपार

फोन वाजला तेव्हा मी अजून जिन्यातच बसले होते.

"ठमे." ताई कुजबुजत होती. तिच्या मागे काहीतरी प्रचंड गुरगुरत होतं, एकसारखं, दम न घेता. मला एक क्षण कळलंच नाही काय आहे ते. मग कळलं.

"पंखा चालू आहे?" मी विचारलं.

"हो. ऐक ना. शेपूट हलतेय. त्यांच्या मीटरचा काटा एका जागी थांबत नाही. हे लोक म्हणताहेत मॉडेल सैल बसलंय, पण सैल नाहीये, मी स्वतः बघितलं. तू म्हणाली होतीस ना, हवा हात सोडते म्हणून? तसलं काही आहे का?"

"आहे."

"मग काय करायचं? इथे हातोडीपासून करवतीपर्यंत सगळं आहे. लवकर सांग."

"धूर सोडलाय?"

"काय?"

"धुराच्या रेघा. दिसताहेत?"

"दिसताहेत. ठमे, नंतर सांगते ना सगळं…"

"बरंबरंला फोन दे."

पंख्याचा आवाज. तेवढाच.

"त्याला कशाला? मला सांग, मी सांगते त्यांना."

"मीच सांगते. दे फोन."

"असं नको करूस गं. सगळे माझ्याकडे बघताहेत."

"मी कोण आहे म्हणून सांगितलंयस त्यांना?"

"बहीण म्हणून. अजून काय सांगणार?"

"आणि चित्रं कोणाची?"

मी थांबले. मला घाई नव्हती, कॉम्प्युटरसमोर मी याहून जास्त थांबलेय. मनात म्हणत होते, दे. नुसता हात लांब कर आणि फोन दे. नाव नको सांगूस, माफी नको मागूस. त्याच्या हातात फोन दिलास तर मी कुठे कापायचं ते सांगेन, कड कशी ठेवायची ते सांगेन, आणि संध्याकाळी तू घरी आलीस की आईसमोर मीठ देताना तुझ्याकडे बघेन. तिच्यात आणि बरंबरंमध्ये दोन पावलांचं अंतर असेल. जास्त नसेल.

तिकडून एक पुरुषी आवाज आला. "मॅडम, काय करायचं? चालू ठेवायचं का?"

आणि ताई बोलली. कुजबुजली नाही. गिऱ्हाइकांशी बोलताना तिचा जो स्वच्छ, हसरा आवाज लागतो, त्या आवाजात.

"नको, बंद करा. मॉडेलच सैल आहे. साचेवाल्याची चूक दिसतेय. पुन्हा बनवून आणू."

"बरं बरं," कोणीतरी म्हणालं.

फोन चालूच होता. ती विसरली, की तिने मुद्दाम चालू ठेवला, मला माहीत नाही. मी दोन्ही धरून पाहिलं आहे. घराएवढा पंखा बटण दाबलं की लगेच थांबत नाही. तो आधी नुसता जड होतो, मग त्याचं एकेक पातं वेगळं ऐकू यायला लागतं, मग पात्यांच्या मधली जागाही ऐकू येते. खोली केवढी लांब असेल ते त्यावरून कळत होतं. मी फोन कानाला घट्ट दाबला आणि दुसरा कान हाताने बंद केला. पंखा थांबायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ मी विंड टनेलमध्ये होते.

मग ताईने फोन कापला.